'लाइट कमी आहे' : दाब, प्रवाह आणि रोध

जालना जिल्ह्यातील शेतकरी 'लाइट कमी आहे' असे म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात दाब, प्रवाह व शक्ती ही तिन्ही सामावलेली असतात. बोलीत हे चालते. गणितात चालत नाही. ओहमने १८२७ साली मांडलेल्या नियमानुसार दाबाला प्रवाहाने भागले असता रोध मिळतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती होय. २३० व्होल्टांवर ५ अँपिअर घेणाऱ्या विजेच्या शेगडीचा रोध ४६ ओहम, शक्ती ११५० वॅट. दाब १८४ व्होल्टांवर उतरला की प्रवाह ४ अँपिअर व शक्ती ७३६ वॅट होते. चहास उशीर होतो, इतकेच.

विहिरीवरील मोटारीस मात्र हा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. (आम्हां भाषाभ्यासकांची प्रथम तीच चूक होते.) तिच्या गणितात शक्तिगुणकही धरावा लागतो, शिवाय पाणी उपसण्याचे काम जवळजवळ तेवढेच राहत असल्यामुळे दाब उतरताच ती अधिक प्रवाह ओढते. वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : प्रवाह सव्वापट, तर उष्णता दीडपटीहून अधिक. मोटार जळते ती यामुळे. 'कमी' या विशेषणाआड हा वाढलेला प्रवाह दडून राहतो. म्हणून स्टार्टरच्या पेटीवर व्होल्टमापकाशेजारी अँपिअरमापक असल्यास तोही पाहावा, आणि काटा मोटारीवर कोरलेल्या आकड्यापुढे गेला असल्यास ती बंद करावी.