‘कसं काय?’ला उत्तर काय द्यायचं?

सकाळी दहाच्या सुमाराला मंत्रालयाच्या लिफ्टमध्ये असो की हिंजवडीतल्या एखाद्या आयटी कंपनीच्या, बोलणं ठरलेलं. ‘काय, कसं काय?’ ‘मजेत. तुमचं?’ ‘चाललंय.’ तोवर मजला येतो.

या एवढ्याशा उत्तराचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स यांनी फार बारकाईने विचार केला. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचं शीर्षकच ‘प्रत्येकाला खोटं बोलावंच लागतं’ अशा अर्थाचं आहे. ‘बरंय’ म्हटलं की विषय तिथेच मिटतो. ‘बरं नाही’ म्हटलं, तर ‘का, काय झालं?’ असं विचारणं समोरच्याला भाग पडतं आणि मग कारण सांगणं आलं. प्रत्येक कारण प्रत्येकाला सांगण्यासारखं मात्र नसतं. थकलेला घराचा हप्ता, मुलाचं दुखणं या गोष्टी डबा खाताना शेजारी बसणाऱ्याला सांगता येतात. हजेरीच्या मशीनपाशी भेटलेल्या साहेबांना कशा सांगणार? म्हणून माणूस ‘बरंय’ म्हणतो. त्याला लबाड म्हणणं अन्यायाचं होईल, कारण त्या क्षणी तो समोरच्यालाही अवघडलेपणातून सोडवत असतो.

मराठी माणसाजवळ आणखी एक वाट आहे. ‘चाललंय’, ‘आहे आपलं’ ही उत्तरं खोटी नसतात आणि सगळं उघडही करत नाहीत. ऐकणाऱ्याला थांबायचं असेल तर थांबता येतं, जायचं असेल तर जाता येतं.

न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या जॅनेट होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६पासून कामाच्या ठिकाणची खरीखुरी संभाषणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासली. कामावर कुणी ‘कसं काय’ विचारलं, तर ‘कामाची गडबड आहे’ हे उत्तर तिथे केव्हाही चालतं, असं त्यांना दिसलं. गप्पा किती लांबवायच्या, हे मात्र बहुधा वरिष्ठच ठरवतात.

आपल्या कचेऱ्यांना हे अनोळखी नाही. साहेब ‘काय, बरंय ना?’ म्हणतात तेव्हा उत्तर प्रश्नातच तयार असतं. ‘हो साहेब’पलीकडे बोलायला जागाच उरत नाही. शिपाई साहेबांना ‘नमस्कार’ घालतो, ‘कसं काय?’ विचारत नाही. आणि लादी पुसणाऱ्या बाईंना तर दोन्हींपैकी काहीच वाट्याला येत नाही. ख्यालीखुशाली कोण कुणाला विचारतं, यावरून त्या कचेरीतली उतरंड कळते, आणि ही गोष्ट मनाला लावून घेण्याजोगी आहे.

अभिवादन बदलण्याचे प्रयत्न सरकारी पातळीवरही झाले. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं, असं आवाहन करणारा शासन निर्णय ऑक्टोबर २०२२मध्ये निघाला. पण महाराष्ट्रातला सगळ्यात खोल बदल कुठल्याही शासन निर्णयाविना घडला. गावकीची कामं करणाऱ्या महारांना वरच्या जातींपुढे ‘जोहार मायबाप’ म्हणावं लागे. त्या जोहाराची जागा ‘जय भीम’ने घेतली. हे अभिवादन रुजवण्याचं श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिलं जातं; विडी कामगारांना संघटित करणारे ते नेते. ‘जय भीम’ला उत्तरही ‘जय भीम’च येतं, मग म्हणणारा कारकून असो की कलेक्टर.