पुढचं चाक सावरायचं, तर सुरुवात मागून

मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर सरळ पट्टा संपून वळण येतं, तिथली माती सततच्या ब्रेकिंगने उखडून खडबडीत होते. भरधाव आलेला रायडर तिथे ब्रेक दाबतो आणि हँडल डावी-उजवीकडे झटके देऊ लागतं. याला रायडर ‘हेडशेक’ म्हणतात. नवखा रायडर हँडल घट्ट आवळतो, नाहीतर पुढच्या फोर्कला दोष देतो. पण दुखणं पुढे दिसलं तरी त्याचं मूळ बरेचदा मागच्या स्प्रिंगमध्ये असतं.

कारण भूमितीत आहे. फोर्क उभ्या रेषेपासून मागे कललेला असतो. त्या कोनाला ‘रेक’ म्हणतात. हँडल ज्या अक्षाभोवती फिरतं, तो अक्ष जमिनीपर्यंत वाढवला तर चाक मातीला टेकतं त्याच्या थोडा पुढे येतो. हे अंतर म्हणजे ‘ट्रेल’. ट्रॉली ढकलताना तिची चाकं जशी आपोआप सरळ होतात, तसं ट्रेलमुळे बाइकचं पुढचं चाक सरळ राहू पाहतं. ट्रेल म्हणजेच सगळं स्थैर्य, असं मात्र नाही. २०११ साली ‘सायन्स’ नियतकालिकात संशोधकांनी किंचित उणे ट्रेल असलेली सायकलही स्वतःचा तोल सांभाळू शकते, हे दाखवून दिलं. पण तिच्यात वजनाची मांडणीच वेगळी होती. आपल्या बाइकवर पान्याने बदलता येण्याजोगी गोष्ट आहे ती रेक आणि ट्रेल.

आता थोडं गणित. मोठ्या मोटोक्रॉस बाइकचा रेक सुमारे २७ अंश, ट्रेल ११० मिमीच्या आसपास आणि दोन चाकांतलं अंतर साधारण १४८० मिमी असतं. मागची बाजू १० मिमी उंचावली की रेक जेमतेम ०.४ अंशाने आणि ट्रेल अडीच-तीन मिमीने घटतो. किरकोळ वाटेल, पण ब्रेक लागल्यावर काय होतं ते पाहा. फोर्क १५० मिमी दबला आणि मागची बाजू १०० मिमी वर आली असं धरलं, तर बाइक साडेनऊ अंशांनी पुढे झुकते आणि ट्रेल निम्म्यावर येतो. स्थैर्याची सर्वांत जास्त निकड असते, नेमका त्याच क्षणी! म्हणून सुरुवातीचा प्रत्येक मिलिमीटर मोलाचा.

तो मोजायला मेजपट्टी पुरते. बाइक स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी ठेवा आणि अ‍ॅक्सलपासून त्याच्या सरळ वरच्या मडगार्डवरच्या खुणेपर्यंत अंतर मोजा. समजा ते ६०० मिमी आलं. मग हेल्मेट-बुटांसकट पूर्ण पोशाखातला रायडर बसवून पुन्हा मोजा. आता ४९७ आलं, तर ‘सॅग’ १०३ मिमी. मोठ्या मोटोक्रॉस बाइकसाठी १०० ते १०५ योग्य मानतात. सॅग कमी असेल तर मागची बाजू उंच राहते, रेक उभा होतो आणि हँडल चंचल होतं. फारच जास्त असेल, तर बाइक सरळ छान पळते, पण वळणात पुढचं चाक बाहेर घसरतं.

रायडरविना बाइक ३० ते ४० मिमी बसायला हवी. रायडरसह सॅग बरोबर, पण एकटी बाइक जेमतेमच बसते? मग स्प्रिंग कडक आहे असं वाटतं. खरं उलट आहे: स्प्रिंग मऊ आहे, आणि तिला जास्त आवळून सॅग जुळवला आहे. इथे प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, बदलून भागत नाही, वजनाला साजेशी स्प्रिंगच बसवावी लागते.

यानंतर रिबाउंड, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत उलगडण्याचा वेग. मागचा शॉक फार झपाट्याने उसळला तर शेपूट वर फेकली जाते. फोर्क फार सावकाश उलगडला, तर पुढच्या खड्ड्याआधी तो पूर्ण वर येत नाही. खड्ड्यागणिक आखूड होत जातो आणि रेक पुन्हा उभा होतो. म्हणून एका वेळी एकच बदल, एक-दोन क्लिकचा, आणि प्रत्येकाची वहीत नोंद.

हीच शिस्त कारखान्यातही दिसते. हिरो एक्सपल्सच्या रॅली किटमध्ये फोर्कची हालचाल १९० वरून २५० मिमी झाली, तेव्हा मागचीही १७० वरून २२० केली गेली. बाइकची दोन्ही टोकं एकाच चौकटीला जोडलेली आहेत. पुढच्या टोकाचं स्थैर्य हवं असेल, तर हिशेब दोन्हींचा मांडावा लागतो, आणि तो मांडायला महागड्या सुट्या भागांआधी मेजपट्टी हाती घ्यावी.