दर वर्षाला चार धरणं लाव्हा

शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला, वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ ला, आणि खर्च आला १६,११० रुपये. दगड चिंचवडच्या खाणींतला. तो काळा दगड मुळात आला कुठून, हा हिशेब पेशवे दप्तरात सापडायचा नाही. त्यासाठी शनिवार पेठेतून निघून हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढावी.

गंमत अशी की गड चढायला आधी उतरावं लागतं. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. माळशेज घाट उतरून मोरोशीवरून बेलपाड्याला पोचलं की आपण पुण्याच्या कितीतरी खाली असतो. तिथून कोकणकड्याला खेटून वर गेलेली ही अरुंद घळ. पावसाळ्यात धबधबा, हिवाळ्यात कोरडी ठणठणीत. नुसते धोंडे, घसारा आणि मधूनमधून हाताला काम लावणारे कातळटप्पे. चढाई साधारण हजार मीटरची. शेजारचा कडा अंदाजे ५०० मीटर, म्हणजे तीन मीटरचा एक मजला धरला तर १६६ मजले. बुर्ज खलिफाला १६३ आहेत.

हा सगळा थिजलेला लाव्हा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो भेगांतून वर आला, थरावर थर साचत गेला. इतकी झीज होऊनही आज त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर व्यापलेत. मुळात तो १० लाख घन किलोमीटरच्या आसपास असावा असा एक अंदाज आहे. तेवढा लाव्हा आजच्या महाराष्ट्रावर सारखा पसरला तर जाडी सव्वातीन किलोमीटर भरते, जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक. अख्ख्या भारतावर पसरला तरी ३०० मीटर.

पुणेकराला घन किलोमीटर कळत नाही, टीएमसी कळतो. बहुतेक लाव्हा साधारण १० लाख वर्षांत ओतला गेला असं धरलं, तर सरासरी वर्षाला एक घन किलोमीटर, म्हणजे ३५ टीएमसी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी २९ टीएमसीच! अर्थात हा नुसता भागाकार झाला. लाव्हा नेमाने येत नव्हता. एकदा लोंढा आला की मग मोठी विश्रांती. त्या विश्रांतीत खडकाची माती व्हायची. सह्याद्रीच्या कड्यांत काळ्या थरांमध्ये दिसणारे लाल पट्टे बहुधा अशा सुट्ट्यांचेच.

आता उलटा हिशेब. हजार मीटरची घळ ६.६ कोटी वर्षांत कोरली गेली असं मानलं तर ६६ वर्षांत एक मिलिमीटर. एका आयुष्यात एक मिलिमीटर! शनिवारवाड्याचा पाया घातल्यापासून आजवर जेमतेम साडेचार.

पण डोंगर मिलिमीटरने झिजत नाही, दरडीने झिजतो. एखाद्या पावसाळ्यात खोलीएवढा धोंडा सुटतो, मग त्या जागी वर्षानुवर्षं काही नाही. नळीत पायाखाली येतात ते हेच हप्ते, आणि त्यांतले बरेच अजून नीट बसलेले नाहीत. म्हणून इथे एकामागोमाग एक चिकटून चढू नये, पुढच्याच्या पायातून दगड निसटला की त्याने जोरात ओरडावं, आणि हेल्मेट सॅकला न लटकवता डोक्यावर घालावं.