घड्याळ नॉर्मल, छाती जड

हिमायतनगरच्या बाजारपेठेतला एखादा पंचेचाळिशीचा दुकानदार डोळ्यांसमोर आणा. रोज पहाटे परमेश्वर मंदिरापर्यंत चालून येतो. पावले मोबाईलमधले ॲप मोजते. एके दिवशी दुकानाचे शटर वर करताना छातीत जड वाटते, घाम फुटतो. पूर्वी अशा वेळी तो ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा प्यायचा. आता मनगटाकडे पाहतो. नाडी ७८, ऑक्सिजन ९७. ‘सगळे नॉर्मल आहे’ म्हणत गिऱ्हाईक करू लागतो.

चूक इथेच होते. झटका येतो म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद पडते. ती बंद पडली तरी सुरुवातीला नाडी आणि ऑक्सिजन नेहमीसारखे राहू शकतात. काही घड्याळे ईसीजीही काढतात, पण तो एकाच बाजूने पाहिलेला आलेख. दवाखान्यातला ईसीजी हृदयाकडे १२ बाजूंनी पाहतो. शिवाय ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी लागते. आपले घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखत नाही, असे ॲपल कंपनीने स्वतःच लिहून ठेवले आहे. ती सूचना वाचतो कोण?

रक्तदाबाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. २०१४-१५ मध्ये ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचे एक अमेरिकी ॲप लाखाहून अधिक वेळा विकले गेले. कॅमेऱ्यावर बोट ठेवा, फोन छातीला लावा, रक्तदाबाचा आकडा तयार! जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ते तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. रक्तदाब वाढलेल्या दर पाचांपैकी जवळजवळ चौघांना हे ॲप ‘ठीक आहे’ असे सांगत होते. ऐकणाऱ्यालाही तेच हवे असते.

आणि पुरुषमाणूस मुळातच दवाखाना टाळणारा. सोयाबीन घरी येऊ द्या, दिवाळी होऊ द्या, मग पाहू. राज्याच्या आरोग्य विभागाने २०२२ मध्ये महिलांसाठी ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम घेतली; २०२३ मध्ये १८ वर्षांवरील पुरुषांसाठीही वेगळी तपासणी मोहीम काढावी लागली. या टाळाटाळीला ॲपने शास्त्रीय वाटणारे निमित्त पुरवले आहे.

चालण्यासाठी ॲप जरूर वापरा. (दिवसाला १०,००० पावलांचा आकडा मात्र १९६५ च्या सुमारास पावले मोजायचे यंत्र विकणाऱ्या एका जपानी कंपनीने रूढ केला, हे जाता जाता.) पण छातीवर दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम, दम यांपैकी काही जाणवले, तर घड्याळ काहीही म्हणो, १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना कधी कधी कळ जाणवतही नाही. नुसता दम लागतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच जास्त उपयोगी पडते, आणि इथून भोकरमार्गे नांदेड गाठायलाच बराच वेळ जातो. दुकानात बसून काढलेला तास त्यातूनच वजा होतो. तेव्हा आधी गावातच ईसीजी काढून घ्या. आणि स्वतः मोटारसायकलला किक मारून निघू नका. शेजारच्या दुकानदाराला हाक मारा.