बंद ट्रेलरने बाहेर काय सोडावं?

गुलमर्गला किंवा मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात गेलेल्या मराठी पर्यटकाला स्नोमोबाइल ठाऊक असते ती ‘स्नो स्कूटर’ म्हणून. भाडं ठरवायचं, मागे बसायचं, बर्फावरून एक फेरी मारून उतरायचं. तिथे गाडी डोंगरावरच मुक्कामाला असते, माणूस तिच्याकडे जातो. उत्तर अमेरिकेत मात्र ही गाडी घरची असते आणि बर्फ दूर असतो. मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, लेक सुपिरिअरमध्ये घुसलेल्या किविनॉ द्वीपकल्पावर वर्षाला सरासरी पाच मीटरहून जास्त बर्फ पडतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तो ३९० इंच, म्हणजे जवळजवळ दहा मीटर पडला होता. डेट्रॉइट परिसरातून त्या भागात पोचायला सुमारे नऊशे किलोमीटर जावं लागतं, मुंबई-नागपूरहून लांब. एकट्या विस्कॉन्सिनमध्ये स्नोमोबाइलसाठी राखलेले मार्ग पंचवीस हजार मैलांच्या घरात आहेत, मिनेसोटात बावीस हजारांच्या वर. या मार्गांपर्यंत गाड्या न्यायच्या तर त्यांना ओढून न्यावं लागतं. उघड्या ट्रेलरवर नेलं तर रस्त्यावरचं मीठ, चिखल आणि खडे इंजिनात आणि सीटवर बसतात, म्हणून ज्याला परवडतं तो चारी बाजूंनी बंद असलेला ट्रेलर घेतो. डेट्रॉइट, मिनिअ‍ॅपोलिस, टोरांटो या पट्ट्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी हा छंद जोपासला, तर त्यालाही कधी ना कधी ही खरेदी करावी लागेल.

खरेदी करताना माणूस साहजिकच विचारतो की बाहेरचं काय काय आत येणार नाही? वारा, मीठ, चोर, बर्फ. ट्रेलर बनवणारेही त्याच प्रश्नाचं उत्तर विकतात, कारण हा ट्रेलर मुळात सामान वाहण्याच्या बंद पेटीतून घडला आहे आणि पेटीचं काम आतल्या मालाला बाहेरच्यापासून जपण्याचं. पण स्नोमोबाइल हा कोरडा, निर्जीव माल नव्हे. ती दिवसभर फिरून येते तेव्हा तिला पुढे ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याच्या खाचांत, सस्पेन्शनमध्ये, पायदानांवर बर्फ दाबून बसलेला असतो. तिच्या टाकीत पेट्रोल असतं, तिचं इंजिन धूर सोडतं, आणि तिला आत-बाहेर करायला माणसाला त्या पेटीत शिरावं लागतं. म्हणजे पाणी, इंधनाची वाफ, विषारी वायू आणि माणूस या चार गोष्टी ट्रेलरच्या आतच असतात. त्यामुळे बंद ट्रेलरची परीक्षा तो आत काय येऊ देत नाही यापेक्षा बाहेर काय जाऊ देतो यावर व्हायला हवी. सुधारणांवर खर्च करायचा तर तो आधी तिथे.

सुरुवात पाण्याने करू, कारण ट्रेलर मरतो तो बहुतेक वेळा पाण्याने. चार गाड्या संध्याकाळी आत चढवल्या, घरी पोचून ट्रेलर जरा उबदार जागी उभा राहिला की तो सगळा बर्फ वितळतो. ओले कपडे पावसाळ्यात ट्रंकेत कोंडून ठेवले तर जे होतं तेच इथे होतं. जमीन सहसा प्लायवुडची असते. पाणी तिच्या कडांतून, खिळ्यांच्या भोकांतून आत मुरतं, रात्री गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि थर एकमेकांपासून सोडवतं. शिवाय हे पाणी गोडं नसतं. रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी टाकलेलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम क्लोराइड ट्रेलरच्या खालून आणि बुटांवरून त्यात मिसळतं. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि लोखंडी स्क्रू एकमेकांना टेकले की त्या जोडाशी विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडायला लागतं. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर गंजत नाही म्हणून निश्चिंत राहणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. जोडांमध्ये दोन धातूंना वेगळं ठेवणारा थर, योग्य धातूचे स्क्रू आणि पाण्याला वाट या तीन गोष्टींशिवाय त्या धातूचा फायदा अर्धाच मिळतो. पाण्याला वाट म्हणजे जमिनीला किंचित उतार, उताराच्या टोकाशी उघडझाप करता येणारी निचऱ्याची भोकं, आणि गाडीचा पट्टा जिथे विसावतो तिथे जाळीची किंवा उंचवट्याची पट्टी, म्हणजे पट्टा साचलेल्या पाण्यात राहून जमिनीला गोठून चिकटणार नाही. जमिनीचं आच्छादनही विचारपूर्वक हवं. गाडीच्या पुढच्या स्कीच्या खाली कार्बाइडच्या कठीण धारा असतात, पट्ट्यात कित्येकदा टोकदार धातूचे खिळे बसवलेले असतात. दुकानात देखणं दिसणारं रबरी आच्छादन ते एका हंगामात फाडतात आणि फाटलेल्या रबराखाली पाणी आणखी जास्त काळ टिकतं.

पाणी ट्रेलरला मारतं, वायू माणसाला. बरेच लोक असं धरून चालतात की कडाक्याच्या थंडीत पेट्रोलची भीती नसते. पण पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटू शकेल इतकी तयार व्हायला सुमारे उणे त्रेचाळीस अंश सेल्सिअस तापमानही पुरतं. मिशिगन किंवा मिनेसोटातली नेहमीची हिवाळी रात्र त्याहून बरीच गरम असते. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती दहा-बारा घनमीटर हवा पेट घेण्याजोगी करू शकते आणि चार गाड्यांच्या ट्रेलरची आतली पोकळी साधारण वीस-पंचवीस घनमीटरची असते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. त्यामुळे छताला एक झाकणाचा झरोका बसवून ‘हवेची सोय केली’ असं म्हणणं पुरेसं नाही. खाली, जमिनीच्या जवळ, समोरासमोरच्या भिंतींत झडपा हव्यात. दुसरा वायू कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. थंड इंजिन सुरू करून ते गरम होईपर्यंत थोडा वेळ चालू ठेवायची सवय असते, आणि ट्रेलरचं एक दार उघडं असलं तरी दुसऱ्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाभोवती धूर कोंडतोच. यावर डिटेक्टर लावला की झालं, असंही नाही. घरात लावायचे साधे डिटेक्टर बहुधा चार ते अडतीस अंश तापमानासाठी बनवलेले असतात. उणे वीस अंशांच्या ट्रेलरमध्ये त्यांच्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. फिरत्या वाहनांसाठी, थंडी सोसणारा म्हणून प्रमाणित केलेला डिटेक्टरच तिथे हवा.

या मुद्द्याला एक जुना आणि भक्कम दाखला आहे, तो बोटींचा. बंद कप्प्यात पेट्रोलचं इंजिन असलेल्या बोटींमध्ये वाफ साचून स्फोट होत, म्हणून अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या नियमांनी १९८० पासून अशा नव्या बोटींना हवा बाहेर खेचणारा पंखा सक्तीचा केला. वाफ खेचणाऱ्या नळीचं तोंड कप्प्याच्या खालच्या तिसऱ्या भागात असलं पाहिजे, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी पंखा चार मिनिटं चालवा अशी सूचना चालकाच्या समोर लावलेली असली पाहिजे. जड वाफ, बंद जागा, ठिणगी हे तिन्ही घटक ट्रेलरमध्येही आहेत. बोटीसाठी जे शास्त्र मान्य झालं ते ट्रेलरच्या दारात थांबण्याचं कारण नाही. फक्त पंखा निवडताना घाई करू नये. साध्या पंख्याच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात आणि तिच्यातूनच वाफ ओढली तर उपाय अपाय होतो. बोटीसाठी बनवलेला, ठिणगीपासून सुरक्षित पंखाच इथे चालेल.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की, आम्ही आत इंजिन सुरूच करत नाही, गाड्या हाताने ढकलतो. शिस्त म्हणून ही सवय उत्तम आहे. पण आजची स्नोमोबाइल कोरडी असतानाच दोनशे ते तीनशे किलोची असते, त्यात इंधन आणि बर्फाचं वजन मिळवावं लागतं. रॅम्पवर बर्फ जमलेला, हात बधिर, अंधार झालेला अशा वेळी चार माणसांतला एक तरी किल्ली फिरवतोच. ही शिस्त टिकावी असं वाटत असेल तर ट्रेलरनेच तिला मदत केली पाहिजे. समोरच्या टोकाला एक छोटी विजेवर चालणारी विंच, किंवा स्कीखाली सरकवायच्या चाकांच्या पाट्या एवढ्याने इंजिन न लावता गाडी बाहेर निघते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खाली झडपा ठेवल्या तर रस्त्यावरचं मीठ आणि बर्फाचा भुगा त्यातूनच आत येईल, मग बंद ट्रेलर घेतला कशाला? हे खरं आहे, आणि म्हणूनच झडप चालत्या आणि उभ्या ट्रेलरच्या वेगवेगळ्या गरजांना पुरी पडली पाहिजे. तिचं तोंड मागच्या दिशेला, आत जाळी आणि बाहेरून हाताने फिरवता येईल अशी कडी असावी. रस्त्यावर ती मिटलेली आणि ट्रेलर थांबला की उघडलेली. इंजिन सुरू करण्याआधी आणि रात्रभर उभ्या ट्रेलरसाठी ती उघडणं हा सवयीचा भाग व्हायला हवा.

दारांबद्दलही हाच न्याय लावला पाहिजे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हॅल्कोर्टच्या जोसेफ-आर्मांद बोम्बार्दिये यांनी १९५९ साली स्की-डू बाजारात आणली, तेव्हापासून कित्येक दशकं बहुतेक स्नोमोबाइलना रिव्हर्स नव्हता. मागून चढायचं आणि पुढच्या दारातून उतरायचं ही रचना त्यातूनच आली. पुढे इंजिनच उलट्या दिशेने फिरवून मागे जाण्याची सोय आली आणि पुढचं दार आता अनावश्यक आहे असा विचार पुढे आला. पुढचं दार वाऱ्याच्या तोंडावर असतं, तिथली रबरी पट्टी आधी झिजते, भुगा आत येतो, ट्रेलर महाग होतो, हे सगळं मान्य. तरीही ते हवंच, कारण दोन्ही टोकं उघडली की हवा आरपार वाहते. त्यासाठी दुहेरी रबरी पट्टी आणि घट्ट बसणाऱ्या कड्यांवर पैसे घालावे, दारच काढून टाकू नये. रॅम्पच्या पृष्ठभागाची गुंतागुंत मात्र कमी लोकांच्या लक्षात येते. स्कीला गुळगुळीत जागा हवी, पट्ट्याला खरखरीत. दोन्हींसाठी एकच पृष्ठभाग दिला की कार्बाइडची धार लाकडात रुतते किंवा पट्टा जागच्या जागी घसरतो. स्कीच्या रेषेत कठीण प्लास्टिकच्या पट्ट्या आणि मधे पकड देणारा खडबडीत भाग हा साधा उपाय आहे, आणि तो जमिनीवर शेवटपर्यंत नेला तर जमीनही वाचते. या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे बाजूचं माणसासाठीचं दार. खाली पाडून रॅम्प होणाऱ्या दारांच्या कड्या बाहेरून लागतात. मागचं आणि पुढचं दार बंद असताना आत अडकलेल्या माणसाला बाजूचं दारच वाचवू शकतं. ते आतून, हातमोजे घातलेल्या हाताने, अंधारात, गोठलेलं असतानाही उघडलं पाहिजे.

रस्त्यावरची बाजू मी थोडक्यात घेतो, कारण तिच्याबद्दल बरंच बोललं जातं. मिनेसोटासह अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतो आणि भरलेला चार गाड्यांचा ट्रेलर ही मर्यादा सहज ओलांडतो. पाट्यांच्या स्प्रिंगपेक्षा रबराच्या पिळाचं ॲक्सल गाड्यांना धक्के कमी देतं. एलईडी दिवे फारसे तापत नाहीत म्हणून त्यांच्यावर साचलेला बर्फ वितळत नाही; ते उंचावर, छपराच्या कडेच्या आत बसवलेले बरे. वजनाची मांडणी मात्र जीवनमरणाची आहे. ओढणाऱ्या गाडीच्या हूकवर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार यायला हवा. चार गाड्यांसाठी आखलेल्या ट्रेलरमध्ये दोनच गाड्या मागच्या टोकाला बांधल्या की तो भार नाहीसा होतो आणि ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. मिशिगनच्या दोन भागांना जोडणारा, १९५७ साली खुला झालेला मॅकिनॉ पूल पाच मैल लांब आहे. तिथे वारा वाढला की बंद ट्रेलर ओढणाऱ्यांना उंच वाहनांत धरलं जातं आणि पुलावरच्या कर्मचाऱ्यांच्या सोबतीने, अगदी कमी वेगाने पार नेलं जातं. दोन, तीन किंवा चार गाड्या असताना त्या कुठे बांधायच्या याच्या खुणा कारखान्यातच जमिनीवर रंगवून द्याव्यात. खर्च नगण्य आहे.

बाजारात खप असतो तो गाद्यांचा, कपाटांचा, हिटरचा, संगीताचा, रंगीत दिव्यांचा. त्यांना माझा विरोध नाही. थकून आलेल्या माणसाला कोरडे मोजे आणि उबदार कोपरा हवाच. पण हिटर बसवायचा तर ज्याचं ज्वलन सीलबंद कप्प्यात होतं, जो बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडतो असाच बसवावा. पेट्रोल भरलेल्या गाड्यांशेजारी उघड्या ज्योतीचा प्रोपेन हिटर कोणत्याही परिस्थितीत लावू नये. आणि हिटर, कपाटं यांच्या आधी निचरा, खालच्या झडपा, थंडीतला डिटेक्टर आणि आतून उघडणारं दार हे मूळ किमतीतच मिळालं पाहिजे. ट्रेलरच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे, तो ‘जादा सोय’ म्हणून विकणं चूक आहे.

ट्रेलर घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी एवढं करावं. सोबतच्या माणसाला बाहेर उभं करावं, जाड हातमोजे घालून स्वतः आत जावं, सगळी दारं लावून घ्यावीत आणि बाजूचं दार आतून उघडून पाहावं. मग खाली वाकून जमिनीलगत झडपा आणि निचऱ्याची भोकं कुठे आहेत ते विचारावं. दार सहज उघडलं नाही, किंवा विक्रेत्याने छतावरच्या झरोक्याकडे बोट दाखवलं, तर तो ट्रेलर घेऊ नये.