बूच उडते; पण पोटात काय घडते?

लग्नाचा स्वागत समारंभ असो की ३१ डिसेंबरची रात्र, बाटलीचे बूच ‘फट्’ करून उडाले की टाळ्या पडतात. या फेसाळ वाइनला आपण सरसकट ‘शॅम्पेन’ म्हणतो. खरे तर ते नाव फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतातील वाइनलाच लागू होते. स्पेनमध्ये अशाच वाइनला ‘कावा’, तर पोर्तुगालमध्ये ‘एस्पुमांते’ म्हणतात. अटलांटिक किनाऱ्याजवळचा बैरादा हा पोर्तुगालचा भाग १८९० पासून त्यासाठी ओळखला जातो. समुद्राच्या गार हवेमुळे तिथल्या द्राक्षांत आम्लता टिकते आणि फेसाळ वाइनला तीच लागते.

महाराष्ट्रातही ही वाइन नवी नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या उद्योगाने जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने ती तयार केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही गेली. पुढे नाशिक आणि दिंडोरी परिसराने आघाडी घेतली. तिथल्या हिवाळ्यातील गार रात्री द्राक्षांतील आंबटपणा राखतात. छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात येणारी जालना जिल्ह्यातील कडवंचीसारख्या गावांची द्राक्षे खाण्याची असतात. ती गोड आणि बहुधा बिनबियांची असतात. वाइनची द्राक्षे लहान, बियांची आणि जाड सालीची असतात.

बुडबुडे येतात कुठून?

आधी साधी वाइन तयार होते. मग तिच्यात थोडी साखर व यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वायूला बाहेर पडायला वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो. बाटलीतला दाब हवेच्या दाबाच्या पाच ते सहा पट होतो. मोटारीच्या टायरमधील हवेपेक्षाही तो जास्त असतो. त्यामुळेच सुटलेले बूच डोळ्याला गंभीर इजा करू शकते. बाटली चांगली थंड करावी, तोंड माणसांपासून दूर ठेवावे आणि टॉवेल धरून बूच हळूहळू सोडावे.

लवकर का चढते?

अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जाते. बुडबुड्यांमुळे जठरातील द्रव आतड्यात लवकर उतरत असावा, असे मानले जाते. फेस असलेली आणि फेस काढून टाकलेली शॅम्पेन देऊन केलेल्या एका छोट्या ब्रिटिश प्रयोगात फेसाळ वाइन पिणाऱ्यांच्या रक्तातील अल्कोहोल सुरुवातीला अधिक वेगाने वाढले. रिकाम्या पोटी हा वेग आणखी वाढतो.

साधारण १२ टक्के अल्कोहोल असलेल्या १२५ मिलिलिटरच्या एका ग्लासात सुमारे १२ ग्रॅम अल्कोहोल असते. भारतात वाहनचालकासाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. कमी वजनाच्या व्यक्तीला एक ग्लासही या मर्यादेपर्यंत नेऊ शकतो. म्हणून ‘एकच तर घेतली’ असे म्हणत गाडीची किल्ली हातात घेऊ नये.

‘वाइन हृदयाला चांगली’?

हा समज प्रामुख्याने लाल वाइनमधील रेझव्हेराट्रॉलवरून पसरला. हा घटक द्राक्षाच्या सालीत असतो. फेसाळ वाइनसाठी मात्र बहुधा रस लगेच पिळून साल वेगळी करतात, त्यामुळे तो तिच्यात नगण्य उरतो. लाल वाइनमध्येही त्याचे प्रमाण अगदी थोडे असते.

दुसऱ्या बाजूचा पुरावा मात्र भक्कम आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. शरीरात अल्कोहोलपासून तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड पेशींतील डीएनएला इजा करते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध आहे. आरोग्याला धोका नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले.

गर्भवती, यकृताचे रुग्ण आणि झोपेची किंवा मेट्रोनिडाझोलसारखी औषधे घेणारे यांनी ती पूर्ण टाळावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे, कारण अल्कोहोलमुळे रक्तातील साखर अचानक घसरू शकते. जे पीत नाहीत, त्यांनी आरोग्यासाठी म्हणून सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. द्राक्षाचा गुण हवा असेल, तर मोसमात स्वच्छ धुतलेली द्राक्षे सालीसकट खावीत.