संशोधनागाराचे संशोधन

हावड्यातील जिल्हा कारागृहाचे आजचे अधिकृत नाव ‘संशोधनागार’ असे आहे. मराठी वाचकाला हा शब्द क्षणभर चकवतो. आपल्याकडे संशोधन म्हणजे शोध. तेव्हा अशा घरात ग्रंथ आणि पंडित असावयाचे. बंगालीत मात्र संशोधन म्हणजे दुरुस्ती: मुद्रिताची, वाक्याची आणि माणसाचीही. पश्चिम बंगालच्या १९९२ च्या अधिनियमाने तुरुंगाला हे सौम्य नाव दिले. दोन्ही अर्थ ‘शुध्’ या एकाच धातूचे. एका भाषेत तो दोष काढून टाकतो, दुसरीत दडलेले उघड करतो. मुलांच्या सुधारगृहात वर्षानुवर्षे दडपलेल्या अत्याचारांवर रहस्यकादंबरी लिहिणे म्हणजे बंगाली संशोधनाचे मराठी अर्थाने संशोधन करणे होय. हे काम रहस्यकथेच्या रूढ घाटात का मावत नाही आणि तो घाट कसा बदलावा लागतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

रहस्यकथेची परंपरा बंगालीत जुनी आहे. प्रियनाथ मुखोपाध्याय यांच्या ‘दारोगार दप्तर’ या मालेचा आरंभ १८९२ चा. तेथे कथा सांगणारा स्वतः पोलीस अधिकारी आहे. म्हणजे गुन्हा बाहेर आणि सत्य दप्तरात, ही मांडणी तेव्हापासूनची. १९३२ मध्ये अवतरलेल्या ब्योमकेशने ‘डिटेक्टिव्ह’ हे बिरुद नाकारून स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवून घेतले. त्याचे निर्माते शरदिंदु बंद्योपाध्याय हे १९५२ पासून पुण्यात राहत होते, ही गोष्ट आपल्याला जवळची वाटावी. त्यांच्या ‘चिडियाखाना’ (१९५३) या कादंबरीत एक निवृत्त न्यायाधीश डागळलेल्या भूतकाळाच्या माणसांना आश्रय देऊन एक वसाहत वसवतो. आश्रयगृह हे रहस्याचे क्षेत्र होऊ शकते, हे त्यांनी ओळखले होते. तरीही प्रश्न जुनाच राहतो: खुनी कोण? त्याचे उत्तर मिळाले की उरलेले सारे निर्दोष ठरतात. रूढ रहस्यकथेचे समाधान याच हिशेबावर उभे असते.

सुधारगृहात हा हिशेब जुळत नाही. रहस्यकथेतील वाडा वादळाने किंवा योगायोगाने जगापासून तुटलेला असतो. सुधारगृह कायद्याने तुटलेले असते. १८९७ च्या सुधारशाळा अधिनियमान्वये पंधरा वर्षांखालील दोषी मुलाला तीन ते सात वर्षे तेथे ठेवता येत असे. पुढे बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र कायदे केले. हेतू दयेचाच होता. पण ज्याच्यावर आधीच ‘बिघडलेला’ असा शिक्का बसला, त्याची साक्ष कोण मानणार? नोंदवही लिहिणारा, पाहणीच्या दिवशी भिंतींना चुना लावणारा आणि मुलाला मारणारा हे एकाच आस्थापनेचे नोकर असतात. गुन्हेगार एक नसतो आणि पुरावा त्याच्याच हस्ताक्षरात असतो.

त्यात मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक मौन होते. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यापूर्वी आपल्या दंडविधानातील बलात्काराच्या व्याख्येत मुलग्याला स्थान नव्हते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलगे निघाले. जे इतके सार्वत्रिक होते त्याला कायद्यात नेमके नाव नव्हते. ज्याला नाव नाही त्याची तक्रार कशी करावयाची?

या अडचणीतून मार्ग काढणारी कादंबरी म्हणून कोलसन व्हाइटहेड या अमेरिकन लेखकाच्या ‘द निकेल बॉइज’ (२०१९) या कृतीकडे पाहावे लागते. तिला २०२० मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिच्यामागे फ्लोरिडा राज्यातील मरिॲना गावची डोझियर सुधारशाळा आहे. १९०० मध्ये उघडलेली ही शाळा २०११ मध्ये बंद झाली. तेथील दफनभूमीत ३१ क्रूस उभे होते. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी उत्खनन केले तेव्हा ५५ कबरी हाती आल्या. मोजणीतील ही तफावत कोणत्याही कल्पित रहस्याहून भीषण आहे.

कादंबरीचा आरंभही पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना सापडलेल्या गुप्त दफनभूमीने होतो. प्रेत प्रथम आणि कथा नंतर, हा रहस्यकथेचाच क्रम. पण येथे गुप्तहेर येत नाही. एल्वुड हा कृष्णवर्णीय, अभ्यासू मुलगा केवळ चुकीच्या मोटारीत बसल्यामुळे निकेलमध्ये पोहोचतो. शाळेच्या मालाची अफरातफर तो वहीत टिपून ठेवतो आणि तपासनिसांपर्यंत पोहोचवतो. रूढ रहस्यकथेत अशा वहीने गुन्हा सुटला असता. येथे तिची किंमत एल्वुडला जिवाने चुकवावी लागते. समीक्षेला रहस्य राखून चालत नाही, म्हणून सांगावयास हवे: पुढे न्यूयॉर्कमध्ये प्रौढ झालेला जो एल्वुड आपल्याला भेटत राहतो, तो वस्तुतः त्याचा मित्र टर्नर आहे. मृत मित्राचे नाव धारण करून तो जगला आहे. म्हणजे कादंबरीतील लपलेली व्यक्ती खुनी नव्हे, तर वाचलेला साक्षीदार. ‘कोणी केले’ हे आपल्याला आरंभापासून ठाऊक असते. ‘कोण बोलेल’ हेच खरे रहस्य. उलगडा होतो तोही पुराव्याने नव्हे. टर्नर आपल्या पत्नीला आपले खरे नाव सांगतो तेव्हा होतो. रहस्यकथेचा घाट येथे मोडलेला नाही. त्याचा रोख मात्र बदललेला आहे.

हे दूरदेशीचे म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. हावडा–बर्धमान कॉर्ड मार्गावरील गुडाप येथे एका आश्रयगृहाच्या परिसरात पुरलेला एका निवासिनीचा मृतदेह जुलै २०१२ मध्ये उकरून काढावा लागला. २०१८ मध्ये बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार उघडकीस आले ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. निवासींना एकत्र बसवून त्यांचे म्हणणे ऐकून घेणे, एवढ्या साध्या कृतीने जे साधले ते त्यापूर्वीच्या शासकीय भेटींनी साधले नव्हते.

मराठीत शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीने स्त्रियांच्या सुधारगृहाचे दार उघडले. त्यावरील ‘उंबरठा’ (१९८२) हा चित्रपट सर्वश्रुत आहे. तेथे आपण आत जातो ते अधीक्षिकेबरोबर. तिची तळमळ खरी आहे, पण ती राजीनामा देऊन बाहेर पडू शकते. निवासिनी पडू शकत नाहीत. आता गरज आहे ती आतल्याच्या दृष्टीने लिहिण्याची.

अशी कादंबरी लिहिणाऱ्यावर किंवा अनुवादित करणाऱ्यावर एक बंधन येते. यातनांचे वर्णन उत्कंठेचे साधन होता कामा नये. व्हाइटहेडही फटक्यांच्या प्रसंगी आवाजावर आणि मोजणीवर थांबतो. मृताला नाव आणि जिवंताला श्रोता मिळवून देणे, हेच या कादंबरीप्रकाराचे खरे उद्दिष्ट मानावे. गुन्हेगार सापडल्यावर वाचक निश्चिंत होऊन पुस्तक मिटतो, ते रहस्यकथेचे यश समजले जाते. येथे मात्र वाचक निश्चिंत झाला, तर कादंबरी फसली असेच म्हणावे लागेल.